नांदायला जाण्याआधीचे एकोणतीस हजार

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

बँकेत ३२ वर्षं काढून माणूस निवृत्त होतो, पण आळीतल्या लोकांच्या लेखी तो बँकवालाच राहतो. कुणाला ठेवीवरचं व्याज विचारायचं असतं, कुणाला केवायसीचा फॉर्म भरून हवा असतो. अलीकडे यात एका नव्या कामाची भर पडली आहे. मुलीचं किंवा मुलाचं लग्न परदेशात स्थायिक झालेल्या माणसाशी ठरतं, थाटात लागतं, आणि मग एक दिवस आई-वडील कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे येतात. पिशवीत सगळं असतं. खरेदीखत, सातबारा, सोन्याच्या पावत्या, विम्याच्या पॉलिसी, मुदत ठेवी. ‘बघा हो, यातलं काय काय व्हिसाला जोडायचं?’ असं विचारतात. सासर ब्रिटनमध्ये असेल, तर माझं उत्तर ऐकून त्यांचे चेहरे पडतात. कारण त्या पिशवीतलं जवळजवळ काहीच तिथं चालत नाही.

आज मी ब्रिटनच्याच जोडीदार व्हिसाविषयी बोलणार आहे. त्यातल्या प्रेमाच्या आणि लग्नाच्या पुराव्यांविषयी नाही, फक्त पैशांच्या अटीविषयी. अर्ज अडतात ते पुष्कळदा इथंच.

आधी एक गोंधळ दूर करतो. आपल्याकडची कितीतरी मुलं कंपनीच्या वर्क व्हिसावर तिकडे आहेत. त्यांची बायको त्यांच्यावर अवलंबून म्हणून जाते आणि तिच्यासाठी खात्यात दाखवायची रक्कम आहे २८५ पौंड. (त्यातही मार्च २०२४ मध्ये केअर वर्करच्या व्हिसावर नव्यानं जाणाऱ्यांना कुटुंब नेण्याची बंदी आली, हे लक्षात ठेवा.) शेजारच्यांची सून अशी पंधरा दिवसांत गेलेली असते आणि मग लोकांना वाटतं, आपलंही तसंच होईल. पण नवरा किंवा बायको ब्रिटिश नागरिक असेल, किंवा तिथं कायम राहण्याचा हक्क मिळालेली असेल, तर नियम वेगळा. तिथं २८५ पौंडांचा प्रश्न नाही. तिथं ११ एप्रिल २०२४ पासून अट आहे ती वर्षाला २९,००० पौंड उत्पन्नाची. पौंड ११५ रुपयांना धरला तर सव्वातेहेतीस लाखांच्या वर. गंमत अशी, की नागरिक नसलेल्याची बायको लवकर पोचते आणि नागरिकाची मागे राहते.

हे उत्पन्न कुणाचं? तर तिकडे असलेल्या जोडीदाराचं. इथून जाणाऱ्या मुलीचा पुण्यातला पगार कितीही असो, तो त्यात धरत नाहीत. सासऱ्यांची पेन्शन धरत नाहीत. सासरचं घर स्वतःचं आहे, भाडं पडणार नाही, म्हणून अटीत एक पौंडाचीही सूट नाही.

आता २९,००० हा आकडा किती मोठा, ते तिथल्याच मापानं पाहू. एप्रिल २०२५ मध्ये तिथलं किमान वेतन तासाला १२ पौंड २१ पेन्स झालं. आठवड्याला साडेसदतीस तास काम करणारा माणूस त्या दरानं वर्षाला २३,८१० पौंडांपर्यंत जातो. २९,००० गाठायचे तर त्यानं वर्षातले बावन्नही आठवडे जवळजवळ ४६ तास राबायला हवं. म्हणजे दुकानात, गोदामात, वृद्धाश्रमात पूर्णवेळ प्रामाणिक नोकरी करणारा ब्रिटिश नागरिक आपल्या बायकोला घरी आणू शकत नाही. आणि नवऱ्याला बोलावणारी बायको असेल, अर्धवेळ नोकरी करून मूल सांभाळत असेल, तर तिची गोष्ट आणखी अवघड.

माझ्या भाचीचं लग्न २०२५ च्या मे महिन्यात झालं. माझी बहीण वाळवा तालुक्यातली, दाजींची उसाची शेती. मुलगी पुण्यात नोकरीला, चांगली शिकलेली. मुलगा तिकडेच जन्मलेला, ब्रिटिश नागरिक. त्याचे वडील डॉक्टर म्हणून गेले आणि तिथंच निवृत्त झाले. मुलगा एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ, पगार वर्षाला २६,२०० पौंड. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, की जुलैत मुलगी नांदायला जाणार. तिनं नोकरीचा राजीनामाही दिला होता. मग कुणीतरी नियम वाचला. २,८०० पौंड कमी पडत होते.

व्याही सज्जन माणूस. त्यांचा दाजींना फोन आला, ‘दाजीसाहेब, मी लिहून देतो. घर माझं आहे, पेन्शन आहे, सुनेला काही कमी पडणार नाही.’ हे लिहून देणं चालत नाही म्हटल्यावर त्यांनाच जास्त वाईट वाटलं. पन्नास वर्षं ज्या देशात कर भरला, तिथं आपल्या शब्दाला किंमत नाही, असं ते म्हणाले. मला त्यांचं दुःख पटलं, कारण ही दारं नेहमीच बंद नव्हती. २०१२ पूर्वी नियम एवढाच होता, की जोडप्यानं सरकारी मदतीवाचून पुरेसं राहता आलं पाहिजे. नातेवाइकांची मदत त्यात धरायची की नाही, यावर खटला झाला आणि २००९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ती धरता येते असा निकाल दिला. जुलै २०१२ मध्ये नवा नियम आला, तो १८,६०० पौंडांचा, आणि त्यासोबत काका-मामा-सासऱ्यांचा शब्द बाजूला पडला. त्याविरुद्धचा खटलाही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फेब्रुवारी २०१७ मध्ये न्यायालयानं उत्पन्नाची अट तत्त्वतः योग्य ठरवली, मात्र मुलांच्या हिताचा आणि उत्पन्नाच्या इतर मार्गांचा पुरेसा विचार नियमांत नाही, असं बजावलं. त्यानंतर अपवादात्मक, अतिशय कठीण परिस्थितीत बाहेरची मदत विचारात घेण्याची सोय झाली. पण ‘नवी सून आहे आणि आम्हाला ती हवी आहे’ ही त्यांच्या लेखी अपवादात्मक परिस्थिती नव्हे.

इकडे दाजींच्या घरी वेगळंच सुरू होतं. गावात लग्न झालेली मुलगी श्रावण उलटला तरी माहेरीच दिसली की लोक विचारायला लागतात. विचारतात म्हणजे काय, ‘अजून गेली नाही का ताई?’ एवढंच. पण त्या एवढ्यात सगळं असतं. बहीण देवळात जायची थांबली. दाजी एक दिवस सकाळी सातबारा घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, ‘वीस गुंठे काढतो. रस्त्याकडेचं रान आहे, गिऱ्हाईक तयार आहे. पैसे पोरीच्या नावावर टाकू आणि संपवू हे.’

बचतीतून तूट भरून काढण्याची सोय नियमात खरोखर आहे आणि तिचं गणित समजून घेण्यासारखं आहे. बचतीतले पहिले १६,००० पौंड मोजतच नाहीत. कारण तिथं ज्याच्याजवळ १६,००० च्या वर शिल्लक असते, त्याला उत्पन्नावर आधारलेली बरीचशी सरकारी मदत मिळत नाही. ती रेघ त्यांनी इथं आणून ठेवली. त्या वरची जी रक्कम असेल, तिला अडीचनं भागायचं, कारण व्हिसा साधारण अडीच वर्षांचा. जे उरेल तेवढं वर्षाचं उत्पन्न समजायचं. आमच्या मुलाची तूट २,८००. त्याच्या अडीचपट ७,०००, अधिक १६,०००. म्हणजे २३,००० पौंड, आपले साडेसव्वीस लाख. मुलाला काहीच पगार नसता, तर केवळ बचतीवर ८८,५०० पौंड लागले असते, एक कोटीच्या वर.

यात एक खाच आहे आणि ती मला बँकेतल्या माणसाला फार खटकते. भाचीच्या नावावर पुण्यात सिंहगड रस्त्याला एक खोली-किचनचा फ्लॅट आहे, महिना २२,००० रुपये भाडं येतं. त्या फ्लॅटची किंमत नियमाच्या दृष्टीनं शून्य. पण भाडं चालतं! जोडप्यापैकी कुणाच्याही मालकीची, स्वतः राहत नसलेली जागा असेल, मग ती ब्रिटनमध्ये असो की पुण्यात, तिचं भाडं मोजतात. मात्र मागच्या बारा महिन्यांचं भाडं खात्यात जमा झालेलं दिसलं पाहिजे, मालकीचा कागद आणि भाडेकरार पाहिजे. आपले करार अकरा महिन्यांचे, म्हणून दोन करार जोडावे लागतात. मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर, भाषांतर करणाऱ्याच्या सहीनिशी. भाडं रोखीनं घेणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा ऐकावं.

तर भाड्याचे वर्षाचे दोन लाख चौसष्ट हजार, म्हणजे जवळपास २,२९६ पौंड. पगारात मिळवले तर २८,४९६. उरली तूट ५०४ पौंडांची. आता या ५०४ साठी बचत किती दाखवायची? अडीचपट १,२६०, अधिक ते १६,००० आहेतच. एकूण १७,२६०. अठ्ठावन्न हजार रुपयांच्या तुटीसाठी जवळजवळ वीस लाख रुपये! रेघेच्या अलीकडे एक पौंड राहिलात, तरी आधी १६,००० ची पायरी चढावी लागते.

दाजींना मी विचारलं, ‘रान विकून पैसे कधी येतील?’ ते म्हणाले, ‘महिन्याभरात.’ मग मी त्यांना नियमाची दुसरी ओळ दाखवली. बचत अर्जदाराच्या किंवा तिकडच्या जोडीदाराच्या नावावर, त्यांच्या पूर्ण ताब्यात सलग सहा महिने असली पाहिजे. बापानं मुलीला भेट दिलेली चालते, कर्जाऊ चालत नाही. पण दाजींच्या नावावरचं रान विकून पैसे तिला दिले, तर ते तिच्या खात्यात पडले त्या दिवसापासून सहा महिने. सोनं मोडून पैसे खात्यात टाकले तरी तेच.

आणि पगाराचंही तसंच आहे. मुलानं पगारवाढ घेतली, तरी मागच्या सहा महिन्यांतला सर्वांत कमी पगार धरतात, म्हणजे वाढीनंतर सहा महिने थांबा. दुसरी नोकरी धरली, तर तिथंही सहा महिने. जमीन विका नाहीतर शनिवारी काम करा, मुलीला डिसेंबरपर्यंत थांबायचंच होतं. मग वीस गुंठे घालवून मिळवायचं काय?

हे मी सांगितल्यावर दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘पण गावाला काय सांगू?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि बँकेच्या कुठल्या परिपत्रकातही नसतं. बहिणीनं काढलं ते उत्तर. तिनं भाचीला पुण्यात परत नोकरी धरायला लावली आणि विचारणाऱ्यांना ‘कंपनी सोडत नाही’ असं सांगायला सुरुवात केली. गावाला कंपनीचा मान मोठा. कुजबुज थांबली.

मुलानं जूनमध्येच शनिवारचं सहा तासांचं काम धरलं, एका दुकानात, किमान वेतनावर. वर्षाला साधारण ३,८०० पौंड. २६,२०० आणि हे मिळून ३०,००० होतात. एवढ्याशा गोष्टीनं प्रश्न सुटतो, हे ऐकून व्याह्यांचा विश्वास बसेना. मात्र त्यात सुट्टी घ्यायची नव्हती, कारण तासांवर मिळणाऱ्या पगाराची सहा महिन्यांची सरासरी काढतात. सहा महिने तो मुलगा एक शनिवार चुकला नाही. फ्लॅटच्या भाड्याचे कागद आम्ही वरची उशी म्हणून तयार ठेवले.

ज्यांचं अजून ठरतंय, त्यांनी कागदांचं एवढं ध्यानात ठेवावं. पगाराच्या सहा स्लिपा, त्याच सहा महिन्यांची बँकेची स्टेटमेंट, आणि दोन्हींतल्या रकमा पैशापैशानं जुळलेल्या. मालकाचं पत्र, त्यात पगार किती, किती दिवसांपासून, नोकरी कायम की तात्पुरती, हे लिहिलेलं. दोन नोकऱ्या तर दोन संच. स्टेटमेंट अर्जाच्या तारखेच्या आधीच्या २८ दिवसांतलं असावं. आम्ही लग्नाच्या मुहूर्तासाठी जितके गुरुजींच्या मागे धावलो नाही, तितके या २८ दिवसांसाठी कॅलेंडर घेऊन बसलो. बचत दाखवायची असेल, तर मुदत ठेव चालते, मात्र ती दंड भरून का होईना, लगेच मोडता आली पाहिजे. पीपीएफसारखे कुलूपबंद पैसे धरू नका. रुपयांचे पौंड अर्जाच्या दिवसाच्या दरानं करतात, म्हणून अगदी काठावर राहू नका. ब्रिटिश जोडीदार इथंच, भारतात नोकरी करत असेल, तर त्याचा इथला पगारही धरता येतो, पण परत गेल्यावर तीन महिन्यांत सुरू होणाऱ्या, अटीइतक्या पगाराच्या नोकरीचं पत्र हातात हवं. आणि तिकडचा जोडीदार अपंगत्वाचे काही ठरावीक भत्ते घेत असेल, तर २९,००० ची अटच लागत नाही, फक्त पुरेशा निर्वाहाची लागते. हे फार कमी लोकांना ठाऊक असतं.

पुण्यातल्या एका एजंटानं भाचीला सुचवलं होतं, की मी पैसे फिरवून देतो, खात्यात शिल्लक दाखवतो, एवढी फी द्या. अशा माणसाच्या दारात उभं राहू नका. खोटा कागद सापडला, तर अर्ज तर जातोच, वर दहा वर्षांची बंदी येऊ शकते. मग नांदणं राहिलं बाजूलाच.

आपल्या गोव्याच्या मंडळींना हा नियम फार उशिरा भेटला. पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडमध्ये, विशेषतः स्विंडनला स्थायिक झालेले गोयंकार पुष्कळ. युरोपीय नागरिक म्हणून त्यांना बायको आणताना उत्पन्नाची ही रेघ ओलांडावी लागत नव्हती. त्याच गल्लीतल्या ब्रिटिश नागरिकाला मात्र लागायची. ब्रिटन युरोपातून बाहेर पडलं आणि हिशेब बदलला. ३१ डिसेंबर २०२० पूर्वीचं नातं असेल, तर जुनी वाट. त्यानंतर मडगावात किंवा म्हापशात ज्यानं लग्न केलं, त्याला २९,००० दाखवावे लागतात. दोन सख्ख्या भावांची लग्नं वर्षाच्या अंतरानं झाली, म्हणून दोन वेगळे नियम.

अमेरिकेचा विचार याहून आपल्या स्वभावाला जवळचा आहे. तिथं नागरिक असलेल्या जोडीदाराचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या सव्वापट असलं की भागतं, २०२५ च्या आकड्यांनुसार दोघांसाठी साधारण २६,४३७ डॉलर. कमी पडलं, तर अमेरिकेत राहणारा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जामीन म्हणून सही करू शकतो, मग तो कॅलिफोर्नियातला मामा का असेना. मालमत्ताही धरतात. पण त्या सहीला वजन आहे. पुढं नवरा-बायकोचा घटस्फोट झाला, तरी ती जबाबदारी सुटत नाही. मामांनी सही करण्यापूर्वी कागद दोनदा वाचावा.

ब्रिटनचा आकडा कुठवर जाणार, ते सांगणं अवघड. आधीच्या सरकारनं तो टप्प्याटप्प्यानं ३८,७०० वर न्यायचं जाहीर केलं होतं. २०२४ मध्ये सरकार बदललं, वाढ थांबली, आणि सरकारच्याच स्थलांतर सल्लागार समितीनं जून २०२५ च्या अहवालात २९,००० पेक्षा खालच्या आकड्यांचे पर्याय मांडले. एवढ्यावर विसंबून कुणी वाट पाहत बसू नये. अर्ज करायच्या आठवड्यात तिथल्या सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः आकडा पाहावा, माझ्यावरही अवलंबून राहू नये.

भाचीचा अर्ज डिसेंबरात गेला. फी १,९३८ पौंड, आणि तिथल्या आरोग्यसेवेचा अधिभार वर्षाला १,०३५ प्रमाणे तीन वर्षांचा, ३,१०५ पौंड. दोन्ही मिळून पावणेसहा लाख रुपयांच्या वर. हे अटीत कुठं धरत नाहीत, पण खिशातून जातात, तेव्हा लग्नाच्या खर्चाची यादी करतानाच लिहून ठेवा. फेब्रुवारीत मंजुरी आली. दाजींचं रान जागेवर आहे, यंदाही त्यात ऊस आहे.

कागदांची फाइल मात्र मी भाचीला बरोबर न्यायला लावली. व्हिसा ३३ महिन्यांचा, तो संपण्याआधी मुदतवाढ, आणि पाच वर्षांनी कायम राहण्याचा अर्ज. प्रत्येक वेळी हीच पैशांची परीक्षा. एप्रिल २०२४ पूर्वी ज्यांनी पहिला अर्ज केला, त्यांना त्याच जोडीदारासाठी जुनी १८,६०० ची अट चालते, हिला २९,००० चीच. फरक एवढाच, की पुढच्या वेळी तिचा तिथला पगारही मोजतील. या व्हिसावर नोकरी करता येते. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला होता. ‘मामा, नोकरी लागली, पहिली स्लिप आली. कुठं लावू?’ मी म्हटलं, सर्वांत वर लाव, आणि बँकेच्या स्टेटमेंटशी रक्कम जुळते का, ते आजच बघून घे.